आखो जाड कर ना भाऊ!

जळगावात फ्लेक्सचं डिझाइन करतो. रोज तेच ऐकतो, "आखो जाड कर ना भाऊ!" म्हणजे अक्षर आणखी जाड कर. अरे, किती जाड?

ठळक डिस्प्ले अक्षर असतं चार शब्दांसाठी, लांबून वाचायला. 'भरीत सेंटर' एवढंच मोठं घ्या, काय शोभतं! पण लोकांना पत्ता, वेळ, मेनू, सगळंच त्याच अक्षरात हवं. बारीक केलं की आतल्या पोकळ्या बुजतात. 'भ'च्या डोक्यावरची फट बुजली की भरीतचं 'मरीत' दिसतं, 'धुळे'चं 'घुळे'. अनुस्वार शिरोरेषेत बुडतो, रफार मात्रेला चिकटतो.

आणि सगळ्यात जीव जळतो तो अक्षर आडवं दाबताना. जागा नाही म्हणून साठ टक्क्यांवर दाबायचं! उभे दांडे काडीसारखे होतात, शिरोरेषा मात्र तेवढीच जाड राहते. घडवणाऱ्याने साधलेला तोल एका झटक्यात गेला. अरुंद जागेसाठी इंडियन टाइप फाउंड्री या फॉन्ट बनवणाऱ्या कंपनीची तेको, खंड ही मुळातच अरुंद घडवलेली अक्षरं आहेत की, फुकट मिळतात! ती वापरायला सांगतो, तर म्हणतात, "राहू दे, तूच दाब."

काल पुन्हा दाबलं. चौकात लागलंय, मी त्या रस्त्याने जात नाही.