ढाळ मोजू नका, पोटात गेलेलं पाणी मोजा

पहिल्या दोन-चार पावसांत विहिरी गढूळ झाल्या की गावातल्या ग्रुपांवर एक मेसेज हमखास फिरतो: "लहान मुलाला ढाळ लागले तर दिवसभर पोटाला आराम द्या, खाणं-पिणं बंद ठेवा. ओआरएसनं जुलाब वाढतात. मेडिकलमधून जुलाबाची गोळी आणा. थांबले नाहीत तर एक सलाईन लावून घ्या. दात येताना असं होतंच." या पाचही वाक्यांमागे समज एकच: ढाळ थांबले म्हणजे लेकरू बरं झालं. लेकरू दगावतं ते मात्र अंगातलं पाणी आणि मीठ संपल्यानं.

"ओआरएसनं जुलाब वाढतात." आधी याचंच बघू. ओआरएस म्हणजे साखर-मिठाचं पाण्यात कालवायचं मिश्रण. ढाळ थांबवायला ते दिलंच जात नाही, म्हणून दोन पाकिटं पाजूनही संडास सुरूच राहिली की घरचे म्हणतात, काही फरक नाही. कॉलरा किंवा ई-कोलाय या जंतूंचं विष आतड्यातून पाणी बाहेर सोडणारा नळ उघडतं. पण साखर आणि मीठ जोडीनं आत घेणारं दार शाबूत असतं. त्या दारातून साखर-मीठ आत गेलं की मागोमाग पाणीही जातं. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत 1971 मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच मिश्रणावर कॉलऱ्याचे रुग्ण वाचवले, तेही सलाईनच्या बाटल्या संपत आल्या असताना.

ओआरएसनं त्रास वाढतो अशी एक स्थिती मात्र खरीच आहे: ते घट्ट कालवलं तर. मोठं पाकीट 1 लिटरचं असतं, साधारण 21 ग्रॅम. छोटं 200 मिलीचं. मोठं पाकीट एका पेल्यात ओतलं की मिश्रण पाचपट खारट होतं. ते अंगातलंच पाणी आतड्यात ओढतं, ढाळ वाढतात, रक्तात मीठ चढतं. म्हणून पाकिटावरचा आकडा वाचा, मोठ्या पाकिटाला लिटरच्या बाटलीनं पाणी मोजा आणि पाकीट पूर्ण टाका. अर्धं आता, अर्धं संध्याकाळी असं नको. वरून साखर घालू नका, दुधात कालवू नका. 24 तासांनी उरलेलं फेकून नवं करा. दुकानातली गोड डबाबंद पेयं हे ओआरएस नव्हे. त्यांत साखर जास्त, मीठ कमी. 2025 मध्ये अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला बंदी झाली ती त्यामुळेच.

किती द्यायचं? दोन वर्षांखालच्या लेकराला प्रत्येक पातळ संडासनंतर 50 ते 100 मिली, त्यावरच्याला 100 ते 200. ओकलं तर दहा मिनिटं थांबा, मग चमच्या-चमच्यानं पुन्हा सुरू करा. डोळे खोल गेले असतील, लेकरू चिडचिड करत असेल, पाण्यासाठी हपापलं असेल, तर आरोग्य केंद्रात न्या. तिथे चार तासांत किलोमागे 75 मिली पाजतात. 10 किलोच्या लेकराला 750 मिली, म्हणजे दर दीड मिनिटाला चहाचा एक चमचा. पेरणीच्या दिवसांत चार तास चमचा धरून बसायला माणूस कुठून आणायचा, ही अडचण खरी. पण ते काम आजीही करू शकते, मोठी बहीणही.

"खाणं-पिणं बंद." अंगावरचं दूध एक वेळही तोडायचं नाही. सहा महिन्यांवरच्याला तेल घातलेली मऊ खिचडी, वरण-भात, केळं थोडं थोडं दर तीन-चार तासांनी. उपाशी ठेवलं तर आतड्याचं सोललेलं अस्तर भरायलाच उशीर होतो. सोबत झिंक 14 दिवस: दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला रोज 10 मिलिग्रॅम, त्यावरच्याला 20. गोळी चमचाभर अंगावरच्या दुधात किंवा पाण्यात विरघळते. ढाळ तिसऱ्या दिवशी थांबले की घरचे गोळ्या फडताळात टाकतात. तसं करू नका.

"जुलाबाची गोळी." आतड्याची हालचाल मंदावणाऱ्या गोळीनं ढाळ आत अडकतात, पोट फुगतं, लहान मुलांना ती मुळीच द्यायची नाही. पाण्यासारख्या ढाळांत बहुतेकदा अँटिबायोटिक लागत नाही. रोटाव्हायरस या विषाणूवर तर ते चालतच नाही. संडासात रक्त दिसलं तर गोष्ट वेगळी. तो बहुधा शिगेला नावाचा जंतू असतो आणि त्याला अँटिबायोटिक लागतंच, पण डॉक्टरांनी वजन बघून ठरवलेलं.

"एक सलाईन." ज्याला पिता येतं त्याला सलाईन नको. आणि ज्याला खरंच लागते त्याला एक बाटली पुरत नाही: वर्षावरच्या 10 किलोच्या लेकराला तीन तासांत लिटरभर जायला हवं. रात्रभर थेंब-थेंब सोडलेल्या अर्ध्या लिटरनं तेवढी भर होत नाही.

"दात येऊन राहिले म्हणून लागली." दात येतात त्याच वयात लेकरू रांगायला लागतं, हाताला येईल ते तोंडात घालतं आणि वरचं खाणं सुरू होतं. दोष तिथे शोधा: खरकट्या बाटलीत, माठात हातासकट बुडवलेल्या पेल्यात. दांड्याचं ओगराळं वापरा. विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) पडली की नाही, ते गावाचं पाणी बघणाऱ्या जलसुरक्षकाला विचारा; ओटी टेस्टला (क्लोरीनच्या तपासणीला) पाणी पिवळं झालं तरच क्लोरीन शिल्लक आहे.

पोटावर, बेंबी आणि कुशीच्या मध्ये, कातडी चिमटीत धरून सोडा. जागेवर जायला दोन सेकंदांहून जास्त लागले, लेकरू गुंगीत असेल किंवा पितच नसेल, तर 108 ला फोन करा. गिळता येत असेल तर मेळघाटातल्या पाड्यावरून दवाखाना गाठेपर्यंत गाडीतही चमचा चालू ठेवा.