तलावावरचं रिंगण

रविवारी पहाटे उमरेडकडच्या पारडगाव तलावावर गेलो होतो. (तर्री पोहे परतीच्या वाटेवर. आधी खाल्ले की माणूस सुस्तावतो.) पाणी बरंच मागे सरकलं होतं आणि त्या उघड्या चिखलात पट्टकदंब, म्हणजे पाहुणे रानहंस, बसले होते. डोक्यावर दोन काळे पट्टे, म्हणून हे नाव. मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात आणि इथे हरभऱ्याचे कोंब खातात. शेतकरी वैतागतो, तेही खरंच.

पाण्यात वारकरी नावाचे पाणपक्षी होते, शे-दीडशे. काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. हे नाव ठेवणाऱ्याला दंडवत! एकाएकी सगळे एकमेकांना खेटून गोळा झाले. दुर्बीण फिरवली तर दलदली भोवत्या. पाणगवताला घासून, पंख जरा वर धरून संथ फिरत होता. या शिकारी पक्ष्याला घाई नसते. पाखरं उठवायची आणि कोण मागे पडतं, कोण सुटं राहतं ते बघत राहायचं. म्हणूनच वारकऱ्यांचं ते रिंगण. चार-पाच फेऱ्या मारून गडी उपाशीच निघून गेला.

मग आपली जमात आली, कॅमेरेवाली. उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून एका भाऊंनी टाळ्या वाजवल्या. दुसरे बेशरमाच्या झुडपातून थेट चिखलात उतरले. अख्खा थवा उठला.

मीही एकेकाळी खडा मारलाय, खोटं कशाला बोलू? पण भोवत्या दमला की जातो, आपण दर रविवारी नवे येतो. मार्चच्या आसपास या पक्ष्यांना परतायचंय. हिमालयावर पट्टकदंब 7,000 मीटरच्याही वर उडाल्याची नोंद आहे. तिथल्या विरळ हवेतही त्यांचं रक्त ऑक्सिजन पकडून ठेवतं, ती सोय निसर्गानेच केलीय. पण वाटेचं इंधन म्हणजे अंगावरची चरबी, आणि ती जमवायची इथेच, चरून. आपण उठवलं की तीच खर्च होते. उडतानाचा फोटो हवाच असेल तर बसून राहा ना बे! ते आपणहून उडतातच.

थवा तासाभराने परत उतरला. तेवढ्यात एक ढिवर दादा डोंग्यातून जाळं काढत त्यांच्या जवळून गेले. पट्टकदंबांनी माना वर केल्या, पाहिलं आणि पुन्हा चरायला लागले.