दोन स्टार देणाऱ्या दादांना ॲपच्या मालकाकडून उत्तर

नमस्कार दादा,

तुम्ही आमच्या फॅन्टसी प्रीमियर लीगच्या ॲपला दोन स्टार दिलेत आणि त्यामागची कारणंही सविस्तर लिहिलीत, त्याबद्दल आधी आभार. फॅन्टसी प्रीमियर लीगमध्ये इंग्लंडच्या प्रीमियर लीग फुटबॉलमधले खरे खेळाडू निवडून अधिकृत साइटवर आपली टीम लावायची असते आणि ते सामन्यात जसे खेळतात तसे आपल्याला गुण मिळतात; आमचं ॲप ती टीम आखायला मदत करतं. बाकीच्या वाचकांसाठी तुमच्या तक्रारी थोडक्यात सांगतो. सकाळी अधिकृत साइटवर केलेली ट्रान्सफर, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, ॲपला कळत नाही, ती हाताने सांगावी लागते. एका आठवड्यात डेडलाइन शुक्रवारी रात्रीच संपली आणि तुम्ही शनिवारी दुपारी टीम लावायला बसलात. ॲप तयार टीम काढून देत नाही, कॅप्टन कोणाला करायचं तेही सांगत नाही. मित्रांच्या लीगमध्ये, म्हणजे आपसातल्या स्पर्धेत, पैसे लावायला वर्गणी जमा करायची सोय नाही. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, "हा कॉलेजच्या पोरांचा प्रोजेक्ट आहे, त्याचे वर्षाला 199 रुपये कशाला द्यायचे?"

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो, कारण तेच मला सगळ्यात जास्त लागलं.

हो, हे ॲप विद्यार्थ्यांनीच डिझाइन केलंय. आमचं ऑफिस कोल्हापुरात आहे आणि मुलं इथल्याच इंजिनिअरिंग कॉलेजांतली आहेत, तिसऱ्या आणि शेवटच्या वर्षाची. त्यांना आम्ही मानधन देतो. तुमच्या 199 रुपयांतला मोठा भाग तिकडे जातो, उरलेला सर्व्हरला. ही मुलं शाहू स्टेडियमच्या गॅलरीत वाढलीत. पाटाकडील विरुद्ध शिवाजी असा इथल्या दोन फुटबॉल संघांचा सामना असला की अख्खं शहर दोन बाजूंना होतं, हे तुम्हाला कोल्हापुरातल्या कोणीही सांगेल. कोणाला आत घ्यायला हवं होतं, कोणाला बाहेर बसवायला हवं होतं, यावर पेठेत रात्री उशिरापर्यंत वाद चालतात. खेळाडू निवडणं म्हणजे काय हे ज्यांनी लहानपणापासून असं पाहिलंय, त्यांनी या कामाला हात घालावा हे मला अगदी योग्य वाटतं.

त्यांनी सुरुवात कोड लिहून केली नाही. आधी खेळणाऱ्यांच्या शेजारी बसून ते टीम कशी लावतात ते पाहिलं. एका हातात फोन, समोर लॅपटॉप, एका खिडकीत सामन्यांचं वेळापत्रक, दुसरीकडे दुखापतींच्या बातम्या, वहीत किमतींचा हिशेब आणि व्हॉट्सॲपवर मित्रांचे सल्ले, असं प्रत्येकाचं चाललेलं. यात खेळ कुठला आणि कारकुनी कुठली, हे मुलांनी वेगळं काढलं. कारकुनी ॲपने करायची आणि खेळ माणसाकडे ठेवायचा, असं ठरलं. तुमच्या बहुतेक तक्रारींचं उत्तर याच निर्णयात आहे.

बेंचचंच उदाहरण घ्या. पंधरा खेळाडू असतात: दोन गोलकीपर, पाच डिफेंडर, पाच मिडफिल्डर, तीन फॉरवर्ड. अकरा खेळतात, चार बेंचवर. अकरातला कोणी मैदानात उतरलाच नाही तर बेंचवरचा क्रमाने आत येतो, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण समजा तुम्ही 3-5-2 (तीन डिफेंडर, पाच मिडफिल्डर, दोन फॉरवर्ड) लावलीत आणि तीन डिफेंडरांपैकी एक उतरलाच नाही. बेंचवर पहिल्या नंबरला तुमचा तिसरा फॉरवर्ड आहे. तो खेळला, त्याने गोलही केला. तरी त्याचे गुण तुम्हाला मिळत नाहीत. टीममध्ये किमान तीन डिफेंडर असलेच पाहिजेत, त्यामुळे त्याला ओलांडून मागचा डिफेंडर आत येतो. उलट तुमचा माणूस नव्वदाव्या मिनिटाला जरी उतरला, तरी तो खेळला असंच धरलं जातं. त्याचा एक गुण मिळतो आणि बेंचवरचा बाहेरच राहतो. कॅप्टनचे गुण दुप्पट धरतात; तो उतरला नाही तर दुप्पट गुण व्हाइस कॅप्टनला, आणि तोही उतरला नाही तर कोणालाच नाही. हे नियम कुठेतरी लिहिलेले असतात, पण टीम लावताना ते डोक्यात कोणाच्याच नसतात.

आमच्या मुलांनी यासाठी एक स्क्रीन केला. अकरातल्या कोणत्याही नावावर बोट ठेवा, 'हा उतरला नाही तर कोण येईल' ते लगेच दिसतं. क्रम बदला, उत्तर बदलतं. तुमच्या रिव्ह्यूत या स्क्रीनचा उल्लेख नाही. ॲपमधलं सगळ्यात चांगलं काम माझ्या मते हेच आहे आणि ते एका विद्यार्थिनीने कागदावर चौकोन काढून सुरू केलं होतं.

किमतींचंही तसंच. खेळाडूची किंमत हंगामात वरखाली होते, पण वाढीचा पूर्ण फायदा विकणाऱ्याला मिळत नाही, अर्धाच मिळतो आणि तोही खालच्या बाजूला धरून. 7.0 दशलक्ष पौंडांना (हे पैसे खेळातले, खरे नव्हेत) घेतलेला खेळाडू 7.3 वर गेला तरी विकताना हातात 7.1 येतात. तीनचार ट्रान्सफर पुढचा बेत करायचा तर हा हिशेब तोंडी जमत नाही. ॲप तो करतं. शिवाय किती फ्री ट्रान्सफर शिल्लक आहेत (2024-25 पासून पाचपर्यंत साठवता येतात), त्यापुढच्या प्रत्येकीला चार गुण कापले जाऊन हातात काय उरेल, हेही तिथेच दिसतं.

आता ट्रान्सफरची तक्रार. तुम्ही अधिकृत साइटवर सकाळी खेळाडू बदललात, आमच्या ॲपवर जुनाच दिसत राहिला. ही अडचण खरी आहे आणि ती का आहे हे तुम्हाला नीट कळायला हवं. तुमची टीम आम्ही तुमच्या टीम नंबरवरून वाचतो. डेडलाइन झाली की कोणाचीही टीम त्या नंबरवरून सगळ्यांना पाहता येते. डेडलाइनआधी मात्र तुम्ही काय बदललंत ते फक्त तुम्हाला दिसतं, तेही लॉगिन केल्यावर. तसं नसतं तर तुमच्या लीगमधल्या मित्राने तुमचा कॅप्टन पाहूनच स्वतःचा ठरवला असता. म्हणजे तुमची ताजी ट्रान्सफर आम्हाला आपोआप दिसायची तर आमच्याकडे तुमचा पासवर्ड पाहिजे. तो आम्ही मागत नाही आणि पुढेही मागणार नाही. अनेक जण तोच पासवर्ड ईमेललाही वापरतात. तो आमच्या सर्व्हरवर साठवून तुमची दोन बोटांची हालचाल वाचवावी, हा सौदा मला तुमच्या बाजूने चांगला वाटत नाही. मुलांनीही पहिल्या बैठकीतच याला नकार दिला होता. 'बदल नोंदवा' दाबा, गेलेला आणि आलेला निवडा, काम झालं.

डेडलाइनबद्दल तुमचा वैताग मला पूर्ण समजतो. आठवडाभर विचार करून ठरवलेली टीम न लावता राहिली तर जीव हळहळतो. हे घोटाळे मुळात घड्याळामुळे होतात. डेडलाइन आठवड्यातल्या पहिल्या सामन्याच्या 90 मिनिटं आधी असते. पहिला सामना शनिवारी इंग्लंडच्या साडेबाराला असेल तर डेडलाइन आपल्याकडे दुपारी साडेतीनला. म्हणून 'शनिवारी जेवण झालं की टीम लावायची' अशी सवय लागते. पण पहिला सामना शुक्रवारी इंग्लंडच्या रात्री आठचा असेल तर डेडलाइन आपल्या शुक्रवारी रात्री अकराला संपते. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमध्ये घड्याळ एक तास मागे जातं, की आपल्याकडे साडेतीनचे साडेचार आणि रात्रीच्या अकराचे बारा होतात. बारा म्हटलं की तारीखही बदलते आणि लोक हमखास एका दिवसाने चुकतात. म्हणून मुलांनी ॲपमध्ये नुसती तारीख न देता 'शुक्रवारी रात्री झोपण्याआधी' असं स्पष्ट लिहिलंय.

सूचना दोनदा जाते: एक दिवस आधी आणि दोन तास आधी. बऱ्याच फोनमध्ये बॅटरी वाचवण्याची सेटिंग चालू असली की ॲपच्या सूचना अडतात, त्यावर बाहेरून आमचा काही ताबा नाही. त्यासाठीच सेटिंगमध्ये 'कॅलेंडरमध्ये टाका' हे बटण आहे. ते एकदा दाबलंत की हंगामातल्या सगळ्या डेडलाइन तुमच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये भारतीय वेळेनुसार जातात आणि आठवण फोनच करतो. सामन्यांच्या तारखा टीव्हीसाठी बदलतात तेव्हा त्या नोंदीही बदलतात. कृपया हे आजच करून ठेवा.

तयार टीम का देत नाही, यावर मला थोडं जास्त बोलायचंय. 2024-25 मध्ये लिव्हरपूलच्या सालाहने 344 गुण मिळवले, या खेळाच्या इतिहासात एका हंगामात कोणीच तेवढे मिळवले नव्हते. पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला त्याची किंमत होती 14.5 दशलक्ष पौंड आणि मँचेस्टर सिटीच्या हालांडची 14. दोघांना घेतलं की टीमसाठी मिळणाऱ्या एकूण 100 दशलक्षांपैकी 28.5 गेले, उरलेल्या तेरा जणांसाठी 71.5, म्हणजे डोई साडेपाच. दोघं घ्यायचे, एक घ्यायचा, की दोघांनाही सोडून मधली फळी भक्कम करायची? त्याच हंगामात नवा नियम आला: डिफेंडरने एका सामन्यात टॅकल, ब्लॉक, इंटरसेप्शन आणि क्लिअरन्स मिळून दहा केले की दोन गुण. म्हणजे कमी किमतीचे, दिवसभर बॉल बाहेर फेकणारे सेंटर बॅक (मधले डिफेंडर) अचानक कामाचे झाले. हे आकडे ॲप तुमच्यासमोर मांडतं, पुढच्या पाच सामन्यांचे प्रतिस्पर्धी मांडतं, दुखापत सांगतं. पण 'याला घ्या' असं म्हणत नाही.

आम्ही एक टीम काढून दिली तर ती आमच्या प्रत्येक ग्राहकाकडे तीच असेल. तुमच्या लीगमधले चार मित्र आमचं ॲप वापरत असतील तर चौघांचेही गुण सारखे. मग सोमवारी सकाळी बोलायचं कशावर? तुमचा मित्र ज्याला हसला होता तो खेळाडू तुम्ही घेतलात आणि त्याने दोन गोल केले, तो आनंद तुमचाच असायला पाहिजे. तो आमच्या सर्व्हरने मिळवून दिला तर त्याची किंमत राहत नाही. तुम्हाला तयार टीम देणारी ॲप हवी असतील तर ती आहेत आणि ती वापरण्यात काही गैर नाही. आमचं ॲप ज्यांना स्वतः निवडायचंय त्यांच्यासाठी आहे.

वर्गणीची सोय आम्ही करणार नाही. फॅन्टसी प्रीमियर लीग मुळात फुकट खेळायचा खेळ आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली आणि मोठमोठ्या फॅन्टसी ॲपनी आपल्या पैशांच्या स्पर्धा बंद केल्या. आमच्याकडे ती सोय कधीच नव्हती. विशीतल्या मुलांच्या हातून असं काम करून घ्यावं असं मला कायद्याआधीही वाटलं नाही.

राहिला 'कॉलेजच्या पोरांचा' हा शब्द. दादा, ॲप वाईट वाटलं तर जरूर वाईट म्हणा, कुठे अडलं ते लिहा, ते वाचायला मुलं बसलेलीच आहेत. तुमचा रिव्ह्यू त्यांनी माझ्याआधी वाचला. पण काम विद्यार्थ्यांचं आहे म्हणून ते कमी किमतीचं, हे मी मान्य करणार नाही. गावाकडची मुलं शिकतात आणि चांगल्या कामासाठी पुण्याला नाहीतर बंगळूरला जातात. इथे बसून, इथल्या लोकांना विचारून, मराठीत चालणारं एक नीटस ॲप त्यांनी उभं केलंय. त्याचे पैसे मागताना मला संकोच वाटत नाही.

हे सगळं वाचूनही ॲप तुमच्या उपयोगाचं नाही असं वाटत असेल तर 'माझं खातं' मध्ये 'परतावा' आहे, तिथून पूर्ण 199 रुपये परत मिळतील, कारण विचारलं जाणार नाही. आणि ठेवणार असाल तर पुढची टीम लावताना बेंचचा स्क्रीन एकदा उघडा. तिथे काही समजलं नाही तर इथेच लिहा, तो स्क्रीन जिने केलाय तीच तुम्हाला उत्तर देईल.