पेनड्राइव्हची रॅम होत नाही, मग फरक कशाने पडतो? – एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

जुन्या कॉम्प्युटरला पेनड्राइव्ह लावून विंडोजची रेडीबूस्ट सोय (वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत पेनड्राइव्हवर ठेवणारी) कशी वापरायची, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: पेनड्राइव्ह रॅमपेक्षाच काय, हार्ड डिस्कपेक्षाही मंद असतो, मग त्याने वेग वाढेल कसा? सतत लिहून तो लवकर मरतो. चालू असताना काढला गेला तर कॉम्प्युटर अडकेल. आणि शेवटी, मी स्वतः करून न बघता लोकांची दिशाभूल केली.

आधी माझी चूक. 'पेनड्राइव्ह रॅमचं काम करतो' असं वाक्य मी लिहिलं होतं. सोपं करून सांगण्याच्या नादात ते चुकीचं लिहिलं गेलं. रॅममधली माहिती नॅनोसेकंदांत हाती येते, पेनड्राइव्हला मिलिसेकंदाच्या आसपास वेळ लागतो. हा फरक हजारो पटींचा आहे. ते वाक्य काढून टाकलंय आणि तिथे दुरुस्तीची नोंदही केली आहे. तुम्ही टोकलंत म्हणून ते झालं, त्याबद्दल मनापासून आभार.

पण 'हार्ड डिस्कपेक्षाही मंद' हे अर्धंच खरं आहे, आणि सगळी गंमत उरलेल्या अर्ध्यात आहे. एखादा मोठा व्हिडिओ कॉपी करून बघितला तर डिस्क सहज पुढे जाते, कारण माहिती सलग असते. कॉम्प्युटर रखडतो तेव्हा मात्र मागणी सलग नसते. चार केबी इथला, चार केबी तिथला, असे तुकडे हवे असतात. लॅपटॉपमधली जुनी डिस्क मिनिटाला 5400 फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला 11 मिलिसेकंद. हवा तो भाग हेडखाली, म्हणजे माहिती वाचणाऱ्या टोकाखाली, यायला सरासरी अर्धा फेरा जातो, आणि त्याआधी हेड योग्य पट्ट्यावर सरकायला आणखी दहा-बारा मिलिसेकंद. म्हणजे एका तुकड्यामागे सोळा-सतरा मिलिसेकंद, सेकंदाला साठेक तुकडे.

आता पेनड्राइव्ह. रेडीबूस्ट विंडोज व्हिस्टाबरोबर आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टने अट घातली होती की चार केबीचे विखुरलेले तुकडे सेकंदाला किमान 2.5 एमबी या वेगाने वाचता आले पाहिजेत. हिशेब करा, हे सेकंदाला 640 तुकडे होतात. साठ विरुद्ध सहाशे चाळीस! पेनड्राइव्हमध्ये फिरणारं काही नसतं, हेड सरकवावं लागत नाही, म्हणून हे जमतं. आणि विंडोज सगळंच काम त्याच्यावर ढकलत नाही. सलग वाचन डिस्ककडेच जातं, विखुरलेलं तेवढं पेनड्राइव्हकडे.

करून बघितलं का, असं तुम्ही विचारलंत. हो, बघितलंय. एक जीबी रॅमच्या लॅपटॉपवर व्हिस्टा होतं. ब्राउझरमधून लिहीत असलेल्या कागदपत्रावर परत यायचं म्हटलं की खिडकी पांढरी पडायची, आधी वरची पट्टी उमटायची, मग मेनू एकेक करून, आणि तोवर आतून डिस्कची कुरकुर ऐकू यायची. पेनड्राइव्ह लावल्यावर पहिल्या तासाभरात काहीच जाणवलं नाही, कारण कॅश, म्हणजे पेनड्राइव्हवरचा प्रतींचा साठा, भरायला वेळ लागतो. नंतर खिडकी बदलताना पेनड्राइव्हचा लाल दिवा लुकलुकायचा आणि कुरकुर बरीच कमी झालेली असायची. घड्याळ लावून मोजलं नव्हतं, त्यामुळे सेकंदांचे आकडे देत नाही. व्हिडिओ रूपांतरित करायला मात्र आधीइतकाच वेळ लागत होता. पुढे रॅम दोन जीबी केली, त्यानंतर पेनड्राइव्ह असला काय नि नसला काय, मला फरक कळेना. दुधाची तहान ताकावर, असाच तो उपाय होता. पण ज्याच्याकडे दूध नाही त्याला ताकाची किंमत असते.

मध्येच काढण्याची भीती बाळगू नका. कॅशमध्ये असते ती फक्त प्रत, मूळ माहिती डिस्कवरच राहते. पेनड्राइव्ह निघाला की विंडोज मुकाट्याने डिस्ककडे वळतं. ती प्रतही 128 बिटांच्या एईएस या सांकेतिक पद्धतीने कुलूपबंद असते, त्यामुळे पेनड्राइव्ह कुणाच्या हाती लागला तरी त्यातून तुमची कागदपत्रं वाचता येत नाहीत. तुमची भीती खरी ठरते ती वेगळ्या ठिकाणी. रॅममध्ये न मावलेली माहिती विंडोज डिस्कवरच्या एका फाइलमध्ये ठेवतं, ती पेजफाइल. काही जण कसरत करून ती पेजफाइलच पेनड्राइव्हवर हलवायला सांगतात. तिथे प्रत नसते, अस्सल माल असतो, आणि पेनड्राइव्ह मध्येच निघाला तर कॉम्प्युटर खरोखरच कोसळेल. ते कृपया कुणी करू नये.

झिजेचं म्हणाल तर फ्लॅश मेमरीला लिहिण्याची मर्यादा असतेच. कॅश लिहिली जाते त्यापेक्षा वाचली जास्त जाते, त्यामुळे पेनड्राइव्ह लगेच मरत नाही. तरी फोटोंची एकुलती एक प्रत त्याच्यावर ठेवू नका.

माझी खरी मोठी उणीव तुमच्या नजरेतून सुटली, ती मीच सांगतो. कॉम्प्युटरमध्ये एसएसडी (फिरत्या डिस्कऐवजी चिपवर माहिती साठवणारा ड्राइव्ह) असेल तर हा उपाय निरर्थक आहे, हे मी लेखात लिहायला हवं होतं. एसएसडीतही काही फिरत नाही आणि ती पेनड्राइव्हपेक्षा कितीतरी चपळ असते. तिथे पेनड्राइव्ह लावणं म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. विंडोज 7 पासून तर विंडोज स्वतःच नकार देतं: हा कॉम्प्युटर पुरेसा जलद आहे, रेडीबूस्टने जास्तीचा फायदा होण्याची शक्यता नाही, असा संदेश दिसतो. अनेकांना हा संदेश आला असेल आणि आपलंच काही चुकलं असं वाटलं असेल. त्यांची माफी मागतो.

तेव्हा आता लेखात सुरुवातीलाच लिहिलंय: फिरती डिस्क, अपुरी रॅम, आणि रॅम वाढवणं किंवा एसएसडी बसवणं शक्य नाही, अशा तिन्ही गोष्टी असतील तरच पुढे वाचा. रॅम किंवा एसएसडी, यातलं एक जरी शक्य असेल तर आधी ते करा.

तुमच्याकडे असा जुना कॉम्प्युटर असेल तर माझ्या शब्दावर जाऊ नका. परफॉर्मन्स मॉनिटर उघडा, त्यात 'रेडीबूस्ट कॅश' नावाचे काउंटर आहेत. ते लावून दिवसभर नेहमीचं काम करा. कॅशमधून होणारी वाचनं शून्याच्या आसपासच राहिली तर तुमच्या कॉम्प्युटरला याचा उपयोग नाही, पेनड्राइव्ह काढून ठेवा. आकडे काहीही आले तरी इथे कळवा, लेखाखाली जोडतो.