"अहिंसा शिकवली की पोरं भित्री होतात" म्हणे

एक मेसेज फिरतोय, बघितलाच असेल. शाळेत अहिंसा शिकवल्याने मुलं मार खायला शिकतात, छडी होती तेव्हाच शिस्त होती आणि न्याय-बिय हे मोठ्यांचं राजकारण, लहानांच्या डोक्यात कशाला. चार लोकांनी तर मलाच पाठवलाय.

भित्री होतात? १९५९ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिलला जेम्स लॉसन हे कृष्णवर्णीय कार्यकर्ते कॉलेजच्या, बहुतेक कृष्णवर्णीय, पोरांचे अहिंसेचे वर्ग घ्यायचे, आणि त्यात भाषणापेक्षा तालीम जास्त. काहींनी गुंड व्हायचं, शिव्या द्यायच्या, तोंडावर सिगरेटचा धूर सोडायचा, खुर्चीवरून खाली ओढायचं आणि बाकीच्यांनी हात उचलायचा नाही, पडलो तर डोकं कसं वाचवायचं ते शिकायचं. फेब्रुवारी १९६० ला हीच पोरं दुकानांमधल्या फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या लंच काउंटरवर (खायच्या जागी) जाऊन बसली, मार खाल्ला, जेलमध्ये गेली, तरी दुसऱ्या दिवशी नवी बॅच हजर! एप्रिलमध्ये त्यांच्यातल्याच डायान नॅशने महापौरांना सगळ्यांसमोर विचारलं, हा भेदभाव चूक आहे की नाही, त्यांना हो म्हणावं लागलं आणि १० मेपासून काउंटर कृष्णवर्णीयांसाठीही उघडले. आता यात भित्रं कोण होतं ते मेसेजवाल्याने सांगावं. आणि "अहिंसा रक्तात असावी लागते, शिकवून येत नाही" हेही इथेच निकालात निघतं, कारण रक्तात असती तर एवढी तालीम कशाला केली असती त्यांनी.

छडीचं म्हणाल तर, छडीने वर्ग गप्प बसतो हे खरंय. पण सर वर्गाबाहेर गेले की? मधल्या सुट्टीत तोच मार खाल्लेला पोरगा आपल्याहून बारक्याला धरतो, शिकला काय तर ज्याच्या हातात छडी त्याचं खरं. याउलट फिनलंडमधला 'किवा' (KiVa) हा शाळांमधली दादागिरी थांबवण्याचा कार्यक्रम दादागिरी करणाऱ्यापेक्षा बघ्यांवर जास्त काम करतो. एकाचं दप्तर लाथाडलं जातंय, पाचजण हसतायत, तर त्या पाचांना विचारायचं की तू हसला नसतास तर पुढे काय झालं असतं, त्याच्या शेजारी जाऊन बसायला काय लागतं. ही छडीपेक्षा जास्त मेहनत आहे, म्हणूनच बहुतेक नको वाटते.

आणि न्याय लहानांना कळत नाही?? कधीतरी एकाच पोराला सारखी बॅटिंग देऊन बघा.

एक मात्र मान्य, वर्षातून एकदा २ ऑक्टोबरला पोस्टर रंगवून घेतलं तर ढिम्म काही होत नाही. पण मग तक्रार कमी शिकवण्याची करा ना, शिकवण्याची कसली करताय.