दोन पाऊण दीड

"भाऊजी, पक्षी बघायचे तर सूर्योदयाला तिथे हजर हवं," मेहुणा म्हणाला होता. हा नियम जंगलातला, हे त्याला ठाऊक नव्हतं. मला तर काहीच ठाऊक नव्हतं. म्हणून मार्गशीर्ष वद्य द्वितीयेच्या सकाळी साडेसहाला, माकडटोपी चढवून, अलिबागजवळच्या आक्षीच्या सुरूच्या बनातून मी किनाऱ्यावर आलो. बघतो तर समुद्र जागेवर नाही!

म्हणजे होता, पण पार तिकडे, चंद्र मावळतीला कलला होता त्याच्या खाली. मधे नुसती ओली वाळू आणि पाण्याच्या कडेला मूठभर मोहरी सांडावी तसे ठिपके. ते पक्षी.

"चिखल्या! तुतवाराच्या डावीकडे बघा." तुतवार कुठला ते कळलं असतं तर डावीकडचंही सापडलं असतं. मला दुर्बिणीत आधी स्वतःच्या पापण्या दिसल्या, मग बराच वेळ धुकं. ते माझ्याच श्वासाचं निघालं. शेवटी दिसले ते सगळे राखाडी. पुस्तकात तांबूस छाती, काळी पट्टी असा थाट असतो, पण तो विणीच्या हंगामातला. आपल्याकडे हिवाळ्यात मंडळी येतात ती घरच्या कपड्यांत. तपकिरी डोक्याच्या कुरवाने तर हद्दच केली. लडाख-तिबेटात डोकं तपकिरी, इथे चक्क पांढरं. कानामागे तीट लावल्यासारखा डाग, बस्स. नाव मात्र बदलायचं नाही!

एकट्या कालवफोड्याने माझी लाज राखली. काळा-पांढरा, गाजरासारखी लांब चोच. "कालवफोड्या!" मी आनंदाने ओरडलो. तो उडाला, त्याच्यामागे सगळी मोहरीही उडाली. मेहुणा पुढचा अर्धा तास माझ्याशी बोलला नाही.

आम्ही चार पावलं पुढे जावं, थव्याने आठ. बुटांत पाणी शिरलं. वाळूतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचणारी एक मावशी कंबर सरळ करत म्हणाली, "दादा, आज दूज ना? तिथीची पाऊणपट करा. दीडला भरती. पाणी चढलं की पाखरं आपसूक पायाशी येतात. आता उधाणाचे दिवस, ओहोटीही लांब जाते."

दोन पाऊण दीड! आजोबांनी कान पिरगाळून पाऊणकी पाठ करून घेतली होती ती इतक्या वर्षांनी कामाला आली, तीही सहा तास उशिरा. की आम्हीच सहा तास लवकर?

थांबलो असतो, पण अकराला खोली सोडायची होती. निघालो तेव्हा थवा निम्म्या वाटेवर आला होता. मेहुणा मागे वळून वळून बघत होता.

"काय गावलं, दादा?" मावशीने विचारलं.

"काही नाही. बघायलाच आलो होतो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हातातल्या माकडटोपीत मूठभर तिसऱ्या टाकल्या.