वीस टक्के, आणि वरचे दहा

मुंबईत दुसरं काही जमत नसेल तर टॅलेंट एजंट व्हा. परीक्षा नाही, पदवी नाही, भांडवल म्हणाल तर एक मोबाइल. आराम नगरच्या गल्लीत कास्टिंगवाल्यांच्या दाराशी चार दिवस चहा पीत उभे राहिलात की निम्मी विद्या आलीच. उरलेली निम्मी माझ्याकडून घ्या, फुकट. माझ्याच पैशांवर एका एजंटानं मला ती नुकतीच शिकवली आहे.

आधी पत्ता. राहा खुशाल नालासोपाऱ्यात, पण कार्डावर अंधेरी वेस्टच हवं.

मग व्हॉट्सअॅप ग्रुप काढा आणि त्यात 'अर्जंट रिक्वायरमेंट' सोडत राहा. बॅनर कायम मोठं, बजेट कायम टाइट आणि शूट कायम उद्या. मराठी कलाकारांसाठी फार डोकं चालवू नका: हवालदार, कामवाली बाई, फार तर भाजीवाली. राज्य नाट्य स्पर्धेत अभिनयाचं रौप्यपदक घेतलेल्या बाईला 'मॅम, महाराष्ट्रीयन लूक आहे, झाडू घेऊन एक सेल्फ टेस्ट पाठवता का?' असं विचारताना जीभ अडखळता कामा नये.

खेळाडूही सोडू नका. शिवाजी पार्कात एखाद्या पोरानं शतक ठोकलं की त्याच्याकडे नाही, त्याच्या बापाकडे जा. बापाला 1995 सालची गोष्ट सांगा: वर्ल्डटेल या क्रीडा-मार्केटिंग कंपनीच्या मार्क मस्कारेन्हसनं तेंडुलकरशी पाच वर्षांचा कोट्यवधींचा करार केला, वगैरे. बाप तिथंच विरघळतो. त्या करारात किमान रकमेची हमी एजंटानं दिली होती, एवढा भाग मात्र गाळा. तुमच्या करारात सगळ्या हम्या पोरानं द्यायच्या आहेत.

करार 'एक्सक्लुझिव्ह' हवा. जुन्या नाटकातल्या मित्रानं कलाकाराला स्वतःहून मालिकेत घेतलं तरी तुमचे वीस टक्के सुरू. (तुम्ही काय केलंत? करार केलात की!)

दहीहंडीची सुपारी आली तर मंडळाला एक आकडा सांगा, कलाकाराला दुसरा. कमिशन दुसऱ्यातून घ्या.

फोन उचलू नका.

आता मुख्य विद्या. मालिकांच्या धंद्यात पैसे 90 दिवसांनी मिळतात, हे आम्ही सगळ्यांनी कधीच गिळलंय. तुम्ही जाहिरातीलाही तोच रिवाज लावा आणि 91व्या दिवसापासून 'प्रॉडक्शनकडून आलं नाही सर' सुरू करा. मी मढला एका जाहिरातीत आजोबा झालो. दिवसभर उन्हात, अंगावर लोकरीची शाल, कारण जाहिरातीत थंडी होती. ठरले होते 60,000. त्यातून कमिशन 12,000. ठीक, तो धंदा आहे. मग पूर्ण 60,000 वर दहा टक्के टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापायचा कर: 6,000. तेही ठीक, तो कायदा आहे. हातात 42,000.

मग रिटर्न भरायला बसलो. सीएनं 26एएस उघडलं, म्हणजे माझ्या पॅनवर कुणी किती कर भरला त्याचा सरकारी तक्ता. त्यात बँकेनं एफडीच्या व्याजावर कापलेला टीडीएस होता. चॅनेलनं कापलेला होता. आमच्या टॅलेंटवाल्यांच्या नावापुढे? त्यांचं नावच नव्हतं!

फोन केला. अर्थात उचलला नाही. मग मेसेज. 'सर, सिस्टीमला अपडेट व्हायला वेळ लागतो.' पंधरवड्यानं: 'सर, अकाउंटंट गावी गेलाय.' कुठल्या गावी, जिथून यायला एसटीच नाही? त्यानंतर: 'सर, क्वार्टर क्लोज होऊ द्या.' क्वार्टर कधीच क्लोज झालं होतं. आणि शेवटी, हसऱ्या तोंडाच्या चित्रासकट, 'सर, इतक्या छोट्या अमाउंटसाठी तुम्ही टेन्शन घेताय?'

छोटी अमाउंट? मग खिशात कशाला घातलीस? माझ्या बिलातून कापलेला टीडीएस तुझा नसतो. पुढच्या महिन्याच्या 7 तारखेपर्यंत तो सरकारकडे माझ्या पॅनवर भरायचा असतो. तू तो भरला नाहीस म्हणून मला क्रेडिट मिळत नाही, आणि तेच 6,000 पुन्हा माझ्याच नावावर थकीत दिसायचे. कमिशन म्हणून वीस टक्के घेतलेस, कर म्हणून दहा घेतलेस. मिळून तीस झाले, आणि उन्हात शाल पांघरून मी बसलो होतो. आमच्यातले निम्मे लोक 26एएस उघडून बघतच नाहीत, हे तुला पक्कं माहीत आहे. ग्रुपवर किती कलाकार आहेत रे तुझ्या? कुणाकुणाचे दहा टक्के जिरवलेस? मुलाच्या फीसाठी उसने पैसे मागणारी पोरं आहेत त्यात. आता एकेकाला फोन करून मी 26एएस उघडायला लावणार आहे, आणि तो फोन ते उचलतील. लाज असेल तर त्याआधी चलन भर आणि फॉर्म 16ए, म्हणजे कर कापल्याचं प्रमाणपत्र, पाठव. व्हॉट्सअॅपवर पाठवलास तरी चालेल.